हिरड्यांची शस्त्रक्रिया आणि नंतरचे दिवस : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात दात घासताना हिरड्यांतून येणाऱ्या रक्ताविषयी लिहिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांमध्ये शस्त्रक्रियेविषयीची पत्रे इतकी आहेत की या वेळचे सदर त्यांनाच द्यावे असे ठरवले. सारख्या प्रश्नांची पत्रे एकत्र केली आहेत आणि कोणाचेही नाव दिलेले नाही.

प्रश्न : मी ६१ वर्षांचा निवृत्त शिक्षक असून परभणीस राहतो. बारा वर्षांपासून मधुमेह आहे आणि गेल्या तपासणीत एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ८.९ आले. दोन महिन्यांपूर्वी हिरड्यांची खोलवर सफाई करून घेतली. आता डॉक्टर म्हणतात की खालच्या डाव्या दाढांना फ्लॅप शस्त्रक्रिया करावी लागेल. मला दुखत तर काहीच नाही. एकदा सफाई झाल्यावर पुन्हा हे कशासाठी? शिवाय, हिरडी सोडवली की दात ढिले होतात, असे आमच्याकडे सर्रास म्हणतात.

उत्तर : सर, आपली शंका रास्त आहे आणि ती आपण आपल्या डॉक्टरांनाही जरूर विचारावी. मात्र ‘दुखत नाही’ हा या आजारात दिलासा मानता येत नाही. दाढ किडली की माणसाला रात्रभर झोपू देत नाही. हिरड्यांचा आजार मात्र वर्षानुवर्षे मुकाट्याने पुढे सरकतो आणि दात हलू लागल्यावरच अनेकांच्या लक्षात येतो.

दात जबड्याच्या हाडात खुंटीसारखा ठोकलेला नसतो. बारीक तंतूंनी तो हाडाशी आणि हिरडीशी बांधलेला असतो. निरोगी हिरडी आणि दात यांच्यामध्ये १ ते ३ मिलिमीटर खोलीची एक खाच असते. या खाचेत जिवाणूंचा चिकट थर साचला आणि तो वेळेवर निघाला नाही, तर लाळेतील क्षार बसून त्याचे कीटण होते, हिरडी सुजते, तंतू सुटतात आणि खालचे हाड झिजत जाते. त्या खाचेची मग खोल फट होते. तिलाच डॉक्टर ‘पॉकेट’ म्हणतात. झिजलेले हाड आपोआप भरून येत नाही, म्हणून झीज आहे तिथे थांबवणे हे या उपचारांचे पहिले उद्दिष्ट असते.

आपल्या प्रश्नाचे उत्तर खरे म्हणजे आपल्याच केसपेपरवर लिहिलेले असेल. तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई दाताच्या कडेने हळूच आत सरकवली असेल आणि शेजारी उभ्या असलेल्या मदतनीसाला ‘तीन, दोन, सहा, चार, तीन, सात’ असे आकडे सांगितले असतील. एका दाताभोवती सहा ठिकाणी असे मोजमाप होते. सफाईपूर्वीचे आणि आताचे, असे दोन्ही वेळचे आकडे समोरासमोर ठेवून दाखवा, अशी विनंती करा. जिथे पूर्वी ६ होते तिथे आता ३ किंवा ४ झाले असतील आणि सळई लावल्यावर रक्त येत नसेल, तर त्या दाताला सहसा शस्त्रक्रिया लागत नाही. जिथे सफाईनंतरही ६ किंवा त्याहून अधिक खोली उरली आहे आणि रक्तही येते, तिथे आत कीटण राहिले असण्याची दाट शक्यता असते. याचा अर्थ सफाई वाईट केली असा नव्हे. खोल पॉकेटमध्ये ती सफाई न पाहता, केवळ हाताच्या अंदाजाने करावी लागते. त्यातून दाढांना दोन-तीन मुळे असतात आणि त्यांच्या बेचक्यात अवजार पोहोचणे फार कठीण असते.

पोत्यातले धान्य किडले आहे अशी शंका आली, तर आपण वरून मूठभर काढून समाधान मानत नाही. शिवण उसवतो, आतले निवडतो आणि पुन्हा शिवतो. फ्लॅप शस्त्रक्रिया काहीशी तशीच आहे. तेवढ्या भागाला इंजेक्शनने भूल देऊन हिरडी दातांपासून अलगद बाजूला केली जाते, मुळे डोळ्यांना दिसू लागली की कीटण आणि सुजलेला खराब भाग काढला जातो आणि हिरडी परत जागेवर बसवून टाके घातले जातात. एका वेळी तोंडाचा साधारण चौथा भाग घेतला तर त्यास तासाभराच्या आसपास वेळ लागतो आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो.

दात ढिले होण्याविषयी जे म्हणतात, त्यात थोडे तथ्य आहे. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे दात जरा अधिक हलल्यासारखे वाटतात. सूज ओसरली की ते पूर्वीइतके किंवा त्याहून घट्ट होतात. शिवाय, कीटणाचा जाड थर दोन-तीन दातांना सिमेंटसारखा धरून असतो. तो काढल्यावर दातांचा आधीचाच ढिलेपणा उघड होतो आणि दोष मात्र सफाईच्या माथी येतो.

आपल्या बाबतीत मला घाई खटकते ती साखरेमुळे. एचबीएवनसी ८ च्या वर असताना ठरवून करायची शस्त्रक्रिया बहुतेक तज्ज्ञ काही आठवडे पुढे ढकलणे पसंत करतात, कारण साखर वाढलेली असताना जखम उशिरा भरते आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. तेव्हा आधी आपल्या मधुमेहाच्या डॉक्टरांना भेटा, औषधांची घडी बसवा आणि तोवर घरची स्वच्छता व दर काही आठवड्यांची सफाई चालू ठेवा. साखर आणि हिरड्या यांचे नाते दुहेरी आहे: हिरड्यांवर नीट उपचार झाले की तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी सरासरीने ०.४ च्या आसपास उतरते, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात आढळले आहे. शस्त्रक्रियेसाठी सकाळची वेळ घ्या, नेहमीचा नाश्ता करूनच जा आणि त्या दिवशीच्या गोळ्या कशा घ्यायच्या हे आधी विचारून ठेवा. उपाशी जाण्याचे कारण नाही. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर ती शेजाऱ्याच्या सांगण्यावरून किंवा स्वतःच्या मनाने बंद करू नका. दाताच्या डॉक्टरांना आधी सांगा आणि हृदयाच्या डॉक्टरांचा निरोप लेखी आणा.

प्रश्न : माझ्या सासूबाईंच्या वरच्या उजव्या हिरड्यांची शस्त्रक्रिया लातूरला होऊन आज चार दिवस झाले. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गाल चांगलाच सुजला होता, आता उतरतो आहे. टाक्यांवर लावलेल्या गुलाबी लगद्याचा एक तुकडा आज जेवताना निघाला आणि त्या घाबरल्या आहेत. त्या मऊ भाताला कंटाळल्या असून भाकरी आणि ठेचा मागतात. त्यांना काय आणि केव्हा द्यावे? दिलेल्या औषधी पाण्याने जीभ तपकिरी झाली आहे, हेही बरोबर आहे का?

उत्तर : सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते आणि त्यानंतर उतरू लागते. आपण लिहिलेला क्रम त्यामुळे ठीक वाटतो. चौथ्या दिवसानंतर सूज उलट वाढू लागली, ताप आला, पू दिसला, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास होऊ लागला, तर मात्र टाके काढण्याच्या तारखेची वाट न पाहता दवाखाना गाठावा. पहिल्या दिवशी थुंकीला गुलाबी छटा असणे नेहमीचे आहे. रक्त खरोखर वाहू लागले, तर स्वच्छ, ओलसर गॉज त्या जागी ठेवून वीस मिनिटे न उचलता दाबून धरावे. आपल्याकडे दर दोन मिनिटांनी ‘थांबले का’ म्हणून उचलून पाहण्याची सवय आहे आणि त्यानेच धरू लागलेली गुठळी निघते. एवढे करूनही थांबले नाही तर डॉक्टरांना कळवावे.

गुलाबी लगद्याला पॅक म्हणतात. तो जखमेवरचे आवरण आहे. जखम भरण्याचे औषध त्यात असते असा समज चुकीचा आहे. पहिल्या दोन-तीन दिवसांत तो सगळा निघाला तर डॉक्टर कधी कधी पुन्हा लावतात. चौथ्या दिवशी एखादा तुकडा निघाला आणि दुखत नसेल, तर बहुधा काही करावे लागत नाही, तरी एक फोन करून विचारावे. निघालेला तुकडा परत चिकटवू नये आणि उरलेला नखाने टोकरू नये. छोटा तुकडा पोटात गेला तरी घाबरण्याचे कारण नाही. पॅक निघाल्यावर टाक्यांची काळी टोके जिभेला बोचतात. ती ओढण्याचा मोह होतो, पण टाके साधारण सातव्या ते दहाव्या दिवशी डॉक्टरच काढतील.

आता जेवणाचे. भाताला कंटाळलेल्या सासूबाईंची बाजू मला पटते. पहिल्या दिवशी भूल पूर्ण उतरेपर्यंत काही चावायला देऊ नये, कारण बधिर गाल आणि ओठ चावले गेले तरी कळत नाही. त्यानंतर थंड किंवा कोमट आणि मऊ असे काहीही चालते. भातच हवा असे नाही. ज्वारीची आंबील, मुगाची पातळ खिचडी, ताकातली कण्या-भाकरी, दुधात कुस्करून पूर्ण भिजवलेली मऊ भाकरी, कमी तिखट वरण, उकडून कुस्करलेला भोपळा, केळे हे सगळे देता येईल. भाकरीचा पापुद्रा आणि कडा मात्र काढून टाका. येसरची आमटी हवी असल्यास मिरची न घालता आणि निवू देऊन द्या. ठेचा, शेंगदाण्याची चटणी, तीळ, मुरमुऱ्यांचा सुशीला आणि हुरडा टाके निघून डॉक्टर हो म्हणेपर्यंत नको. तिखटाने जखम झोंबते हे तर आहेच, पण खरा त्रास कणांचा आहे. शेंगदाण्याचा कूट किंवा तिळाचा दाणा टाक्याखाली जाऊन बसला की निघता निघत नाही. घास दुसऱ्या बाजूने चावावा. पहिले एक-दोन दिवस जोराने चूळ थुंकू नये आणि स्ट्रॉने काही ओढून पिऊ नये.

क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाच्या औषधी पाण्याने जीभ आणि दात तपकिरी होतात आणि चवही काही दिवस बिघडते. डाग दातांच्या आत जात नाहीत. पुढच्या भेटीत पॉलिश करून ते काढता येतात. शस्त्रक्रियेच्या जागी ब्रश लावायचा नसतो, म्हणून त्या काळात हेच पाणी ब्रशची जागा घेते. ०.२ टक्क्याचे असेल तर साधारणपणे १० मिलिलिटर, दिवसातून दोनदा, मिनिटभर तोंडात खेळवून सोडावे आणि लगेच साध्या पाण्याने तोंड धुऊ नये. बाकीचे दात टूथपेस्टने घासून झाल्यावर अर्धा तास जाऊ द्यावा, कारण पेस्टमधील फेसाळ घटकामुळे या पाण्याचा गुण कमी होतो. हे पाणी डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपुरतेच वापरावे. चांगले वाटले म्हणून महिनोन्महिने चालू ठेवू नये. दुखण्याच्या गोळ्या जेवल्यावर द्याव्यात. गालाला बाहेरून बर्फ लावणे पहिल्या दिवशी उपयोगी असते, आता त्याची गरज नाही. लवंगतेल, हळद, तुरटी, जखमेवर काहीही लावू नये.

प्रश्न : मी माळकरी आहे, पैठणला राहतो. शस्त्रक्रियेच्या वेळी हाडाची पूड भरावी लागेल असे सांगितले गेले. ती कशाची असते, हे विचारायला संकोच वाटला. टाक्यांच्या दोऱ्याविषयीही काहीबाही ऐकले आहे.

उत्तर : संकोच करू नका, हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे आणि तो शस्त्रक्रियेच्या खुर्चीत बसण्याआधी विचारायला हवा. हाडात खोल खळगा पडला असेल, तिथेच अशी पूड उपयोगी पडते. हाड सपाट झिजलेले असल्यास तिचा फारसा उपयोग नसतो, त्यामुळे ती प्रत्येकाला लागतेच असे नाही. पूड चार प्रकारची असू शकते: रुग्णाच्याच जबड्यातून घेतलेले हाड, मानवी दात्याच्या हाडावर प्रक्रिया करून केलेली, गाय-बैलाच्या हाडापासून केलेली, आणि पूर्णपणे कृत्रिम. कृत्रिम प्रकारात हाडाच्या खनिजासारखेच कॅल्शियम फॉस्फेटचे पदार्थ किंवा विशिष्ट प्रकारची काच असते. काही ठिकाणी रुग्णाचे थोडे रक्त काढून ते यंत्रात फिरवतात आणि त्यापासून तयार झालेला साय धरल्यासारखा गोळा खळग्यात ठेवतात; तोही तुमच्या स्वतःच्या शरीरातलाच असतो.

पुडीवर कधी कधी एक पातळ पडदा ठेवतात. तो कोलॅजेनचा असल्यास बहुधा गायीपासून किंवा डुकरापासून मिळवलेला असतो. पुडीविषयी विचारणारे लोक या पडद्याविषयी विचारायचे विसरतात. दोरा रेशमाचा असतो किंवा कृत्रिम. कॅटगट नावाचा जुना दोरा जनावराच्या आतड्यापासून करतात. ‘मला कृत्रिम पूड आणि कृत्रिम दोराच हवा’ असे स्पष्ट सांगितले, तर बहुतेक ठिकाणी तशी सोय होऊ शकते. वेष्टनावर मूळ स्रोत छापलेला असतो, तो दाखवायला सांगा.

प्रश्न : शस्त्रक्रियेला दोन महिने झाले. रक्त थांबले, पण दात लांब दिसतात, मध्ये काळ्या फटी पडल्या आणि माठातले पाणीसुद्धा सणकन लागते. हे आधी कोणी सांगितले नाही. (हिंगोली)

उत्तर : हे आधी सांगायलाच हवे होते, आपली तक्रार योग्य आहे. झाले आहे ते असे: हाड पूर्वीच खाली गेले होते आणि सुजलेल्या हिरडीने ती उंची झाकली होती. सूज गेली, हिरडी हाडाच्या पातळीकडे उतरली आणि मूळ उघडे पडले. सणक येते ती या उघड्या मुळामुळे. पोटॅशियम नायट्रेट असलेली पेस्ट मऊ ब्रशने दिवसातून दोनदा वापरल्यास तीन-चार आठवड्यांत फरक पडतो. रात्री घासल्यावर थोडी पेस्ट बोटाने त्या जागी लावून ठेवावी. न थांबल्यास दवाखान्यात फ्लोराइडचा लेप लावून घ्यावा, कारण उघडे मूळ लवकर किडतेही. फटी भरून घेण्याची घाई करू नका. हिरडी अजून काही महिने आकार बदलते. तोवर त्या फटींत बाटली धुण्याच्या ब्रशसारखा दिसणारा छोटा ब्रश रोज फिरवा. टाचणी किंवा झाडूची काडी नको.

प्रश्न : मी बारावीत आहे, आमचे गाव बीड जिल्ह्यात आहे. माझे आई-वडील दरवर्षी ऊसतोडीला जातात. आईचे वय ४२ आहे, तिचे खालचे पुढचे दात हलतात आणि तिला मिश्रीची सवय आहे. शिबिरात सांगितले की शस्त्रक्रिया करावी लागेल. दिवाळीनंतर टोळी निघेल. त्याआधी उरकून घ्यावी का?

उत्तर : तू आईसाठी पत्र लिहिलेस, हे फार बरे झाले. माझे मत असे आहे की निघण्याच्या तोंडावर शस्त्रक्रिया करू नये. शस्त्रक्रिया तासाभराची असली तरी तिच्या मागेपुढे वेळ लागतो: आधी खोलवर सफाई, मग हिरडी कशी बसते ते पाहायला चार ते सहा आठवडे, शस्त्रक्रियेनंतर सात-दहा दिवसांनी टाके, पुढे महिन्याने तपासणी. फडात पहाटेपासून वाकून ऊस तोडायचा आणि मोळी डोक्यावर घेऊन गाडीवर चढवायची, हे काम ताज्या टाक्यांवर होण्यासारखे नाही; पहिले दोन-तीन दिवस तर जड उचलणेही वर्ज्य असते. टाका सुटला किंवा पू झाला, तर फडावरच्या कोपीवरून (झोपडीवरून) दवाखाना कुठे शोधायचा?

म्हणून आता सफाई तेवढी करून घ्या. हलणारे पुढचे दात बारीक तारेने किंवा फायबरच्या पट्टीने एकमेकांना बांधता येतात. त्यामुळे चावणे सोपे होते. तेही आताच विचारा. शस्त्रक्रिया हंगाम संपवून परत आल्यावर, पुन्हा मोजमाप करून ठरवा. कदाचित तोवर काही दातांना तिची गरजही उरणार नाही. गाठ येऊन पू वाहत असेल किंवा चेहरा सुजला असेल, तर हा हिशोब लागू नाही. मग लगेच जायला हवे. खर्चाची अडचण असल्यास छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात हिरड्यांच्या विभागात दाखवता येईल.

मिश्रीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण अनेक बायका तिला तंबाखू मानतच नाहीत. तपासताना त्या निःशंकपणे ‘तंबाखू नाही’ म्हणतात आणि उजव्या हाताची तर्जनी मात्र पेरापर्यंत काळी असते. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून केलेली ही पूड आहे. भाजल्याने निकोटीन जात नाही. ते हिरडीला होणारा रक्तपुरवठा कमी करते. त्यामुळे आजार आत वाढत असताना वरून रक्त कमी येते आणि मिश्रीने हिरड्या घट्ट झाल्या असे वाटते. ती चालू असताना केलेली शस्त्रक्रियाही मनासारखी भरत नाही. आईला रागावून उपयोग नाही. पहाटे मिश्री लावल्याशिवाय तिला पोट साफ होत नाही, डोके चढते, हे ती खरेच सांगत असते, ती सवयीचीच लक्षणे आहेत. दिवसातून चार वेळा लावत असेल तर आधी दुपारची आणि रात्रीची सोडायला सांग, सकाळची शेवटी. १८००-११२-३५६ या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती क्रमांकावर फोन केल्यास पैसे लागत नाहीत. पहिला फोन तू लावून दे आणि मग तिच्या हातात दे.

तिच्या सामानात दोन मऊ ब्रश, एक पेस्ट आणि फटींसाठीचे चार-पाच छोटे ब्रश बांधून दे. फडावर पाण्याची ओढ असते, पण एवढ्याला तांब्याभर पाणी पुरते. रात्री जेवणानंतर घासणे सर्वांत महत्त्वाचे, ते होते का हे तिला फोनवर अधूनमधून विचारत जा आणि कुठला दात जास्त हलतो, कुठे गाठ आली का, ते वहीत तारखेसह लिहून ठेव. परत आल्यावर डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतील.